घरात अजून कोण होतं?

"धनंजय," स्टेजवरच्या बाई म्हणाल्या. "धनंजयचं इथं कोण आहे?"

सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या काही माना वळल्या. माझ्या शेजारी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात वर केला.

"ही," त्या म्हणाल्या. "ही त्याची बायको."

कॅमेऱ्याचा दिवा आमच्यावर आला.

ही गोष्ट साताऱ्याची. त्या काळी दर रविवारी सकाळी टीव्हीवर 'त्यांचा निरोप' नावाचा कार्यक्रम लागायचा. निरंजनाताई नावाच्या बाई त्यात गेलेल्या माणसांशी बोलायच्या. भगवं काही नाही, माळा नाहीत, धूप नाही. इस्त्रीची सुती साडी, मानेपर्यंत कापलेले केस आणि बँकेतल्या मॅनेजरसारखा चष्मा. त्यामुळे शिकलेली माणसंही त्यांचं नाव जरा जपून घ्यायची. त्यांच्या कार्यक्रमाचं शूटिंग साताऱ्यात होतं, आणि सासूबाईंनी कितीतरी दिवस आधीपासून धोशा लावला होता.

"तुला पटत न्हाई ते मला ठाऊक हाय," त्या म्हणायच्या. "तू नुसती शेजारी बस. ऐकायला काय जातंय तुझं?"

मी कराडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. अकरावीच्या पोरांना वर्षाच्या पहिल्या तासाला तळहातावर कापूर पेटवून दाखवायचे आणि म्हणायचे, चमत्कार दिसला की आधी त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. तेव्हा अशा बाईचा खेळ जवळून बघायला मिळतोय म्हणून चाललेय, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. ते खरंच होतं. पण धनंजय गेल्यापासून सासूबाईंनी माझ्याकडे दुसरं काहीही मागितलेलं नव्हतं, हेही एक होतं.

तो त्यांचा एकुलता एक. मोटारसायकलवरून त्यांच्याकडे उंब्रजला जाताना महामार्गावर टँकरनं उडवलं. त्यानंतर मी त्यांना कराडला माझ्याकडे घेऊन आले. आम्ही दोघी एका घरात राहत होतो, एकमेकींना सांभाळून. त्या फार बोलायच्या नाहीत. मधेच उठून दाराशी जायच्या आणि परत येऊन बसायच्या.

आमच्या आधी निरंजनाताईंनी चारपाच जणांना उठवलं होतं. मी बारकाईनं बघत होते आणि मला गंमत वाटत होती, कारण सगळं पुस्तकात वाचल्यासारखंच चाललं होतं. वाईच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी विचारलं, "छातीत, किंवा जरा खाली पोटात, काहीतरी त्रास होता ना त्यांना?" आता माणूस मरतो तो छातीत नाहीतर पोटातच काहीतरी होऊन मरतो. म्हातारा मान डोलावून रडायला लागला. एका बाईला त्या म्हणाल्या, "एक वस्तू तुम्ही जपून ठेवलीय त्यांची." लोक टाळ्या वाजवत होते. मी सासूबाईंच्या कानात म्हटलं, "बघा आई, कशी गाळलेल्या जागा लोकांकडून भरून घेतेय." त्यांनी ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

आणि मग त्या 'धनंजय' म्हणाल्या.

"वर या दोघी," निरंजनाताई म्हणाल्या. "या, घाबरू नका. तो आलाय."

आम्ही पायऱ्या चढलो. सासूबाईंचा हात माझ्या हातात होता, थंडगार. वर गेल्यावर दिव्यांमुळे समोरचे लोक दिसेनासे झाले.

"गाडीवर होता," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "दुचाकी. दिवसाउजेडी. खरं?"

नाव काढता येतं, वर्तमानपत्रातली बातमी काढता येते. मी मनातल्या मनात टिपत होते. नाव, बातमी.

"हसतोय. फार हसरा होता गं." त्यांनी डोळे मिटले, आणि आवाज हळूहळू खाली नेला, पुरुषी, जरा खर्जातला. "तो तुला एका नावानं हाक मारायचा. घरातल्यांसमोर नाही. दोघंच असताना." त्या थांबल्या. "खारूताई."

मी काय शिकले होते, काय शिकवत होते, पायऱ्या चढताना काय ठरवलं होतं, ते सगळं त्या एका शब्दानं गेलं. ते नाव बातमीत नव्हतं. ते माझ्या आईला माहीत नव्हतं, माझ्या बहिणीला माहीत नव्हतं. रात्री दिवा मालवल्यावरचं नाव होतं ते. तो तिथं होता. त्या बाईच्या चष्म्याच्या मागं कुठंतरी तो उभा होता आणि हसत होता. मी एक पाऊल पुढं टाकलं.

"तो आहे का?" मी विचारलं. माझा आवाज माईकमधून सगळीकडे गेला.

"आहे ना. पण तो आधी आईशी बोलणार आहे." त्या सासूबाईंकडे वळल्या. "आई, तुझी काही चूक नव्हती. ऐकलंस? तुझी काही चूक नव्हती."

सासूबाईंच्या तोंडून असा आवाज निघाला, जो मी अंत्ययात्रेच्या दिवशीही ऐकला नव्हता.

"घरात भांडण झालं होतं," तो खर्जातला आवाज पुढं म्हणाला. "जेवत्या ताटावरून उठलो. डोकं फिरलेलं होतं, म्हणून गाडी नीट चालवली नाही. नाहीतर मी कशाला गेलो असतो?"

खाली अंधारातून एक लांबलचक 'च्च' उमटलं.

त्या दिवशी भांडण झालं नव्हतं. रविवार होता. मी भरीत केलं होतं. त्यानं भाकरीबरोबर खाल्लं, परत मागून घेतलं, आणि कढई पुसताना माझ्या पदराला हात पुसले. ताटावरून तो उठला नव्हता. ही बाई जे सांगत होती ते दुसऱ्याच कुठल्यातरी माणसाचं होतं. एका वाक्यात तो गेला. चष्म्याच्या मागं फक्त बाईचे डोळे राहिले, मेकअपनं काठ काळे केलेले, माझ्याकडे टक लावून बघणारे.

"तो रागावलेला नाही तुझ्यावर," त्या आता आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "फक्त अडकलाय. तो म्हणतो, हिनं एकदा आईची माफी मागावी. मग मी सुटेन. बोल बाळ. माईकमध्ये बोल."

कुणीतरी माईक माझ्या तोंडाजवळ आणला. समोरच्या अंधारातली सगळी माणसं वाट बघत होती. ही बाई खोटी आहे हे सांगणारी चार वाक्यं मला बोलायची होती. ती तयार होती, मी ती स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवली होती. मी सासूबाईंकडे बघितलं.

त्या निरंजनाताईंकडे बघत नव्हत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत राग असता तर मी बोलले असते. त्या घाबरलेल्या होत्या. आता ही काय बोलते, म्हणून माझ्या ओठांकडे बघत होत्या.

"चुकलं माझं," मी म्हटलं, आणि खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी माझ्या डोक्यावर दोन्ही हात दाबले आणि माईककडे तोंड करून, मला कधी माहीत नव्हतं इतक्या खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "मी तुला माफ केलं."

*

शूटिंग संपल्यावर सासूबाईंना मी बाहेर चहाच्या टेबलाजवळ खुर्चीत बसवलं. त्यांच्याभोवती बायका जमल्या होत्या. कुणी पाया पडत होतं. "पर्स आत राहिली," असं सांगून मी स्टेजच्या मागं गेले. खोलीच्या दारात एक मुलगी उभी होती, ती मला अडवायला लागली.

"येऊ दे गं," आतून आवाज आला. "तू चहा बघ जा."

निरंजनाताई आरशासमोर बसल्या होत्या. चष्मा टेबलावर होता. खोबरेल तेलानं तोंड पुसत होत्या. पाय चपलांतून काढून दुसऱ्या खुर्चीवर पसरले होते, टाचा भेगाळलेल्या. स्टेजवरचा आवाज कुठंच नव्हता. भाजीच्या गाडीवर उभ्या राहिलेल्या बाईसारखा साधा, जाडाभरडा आवाज.

"भांडायला आलीस ना? बस. उभ्यानं भांडलं की माणूस लवकर दमतं."

मी बसले नाही. "आमचं भांडण झालंच नव्हतं."

"नसेल."

"नसेल म्हणजे?"

"म्हणजे नसेल. मी होते का तिथं?"

मी कशाकशाची तयारी करून आले होते. त्या मला शाप देतील, आत्मे माझ्यावर कोपतील म्हणतील, नाहीतर गोड बोलून गुंडाळतील. यातलं काहीच न करता त्या एक ढेकर देऊन पाण्याबरोबर ॲसिडिटीची गोळी गिळत होत्या.

"तुमच्या कानात यंत्र असतं," मी म्हटलं. "तुमची माणसं आधी माहिती काढतात. मला सगळं माहीत आहे."

"कानात?" त्यांनी केस मागं सारून डावा कान दाखवला. "ह्या कानानं मला लहानपणापासून ऐकू येत नाही. यंत्र कशाला लागतंय गं? लोक स्वतःच्या पायांनी चालत येतात आणि सांगतात. थांबवलं तरी थांबत नाहीत."

"ते नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या सासूनं."

"त्यांना माहीत नाही ते."

"माहीत आहे. तुम्ही दोघं सुट्टीला तिच्याकडे जायचात ना? मधे नुसती फळ्यांची भिंत आहे म्हणाली. तिला पलीकडं ऐकू यायचं. सांगताना रडली. माझा मुलगा इतकं गोड बोलतो हे मला भिंतीतून कळलं म्हणाली."

आता मला बसावं लागलं.

"दोनदा आली होती पुण्याला माझ्याकडे," निरंजनाताई तेलाचा बोळा टाकत म्हणाल्या. मला आठवलं, सासूबाई दोनदा बहिणीकडे म्हणून गेल्या होत्या. "पहिल्यांदा आली तेव्हा एकच विचारलं. माझ्यामुळं गेला का? मी म्हटलं, नाही बाई, कुणामुळं कुणी जात नसतं. पाया पडून गेली. महिन्याभरात परत आली. म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात ते चार दिवस पुरलं. पुन्हा छाती भरून यायला लागली. माझ्यामुळं नाही, तर मग कुणामुळं, तेवढं सांगा."

"आणि त्यांनी माझं नाव घेतलं."

"नाही. तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही." त्या आरशातून माझ्याकडे बघत होत्या. "मी विचारलं, घरात अजून कोण होतं?"

बाहेरून खुर्च्या आवरल्याचा आवाज येत होता.

"एवढंच विचारलं. मग ती गप्प बसली. नुसती गप्प बसली आणि मान खाली घातली. भांडण वगैरे माझं. एवढं तर घालावंच लागतं. ती नाही म्हणाली नाही."

"पण स्वतःमुळे गेला असं त्यांना का वाटावं, हे नाही विचारलंत?"

"विचारलं ना. फोन केला होता तिनं. छातीत कळ आलीय, आत्ताच्या आत्ता ये. कळबिळ काही नव्हती. तुम्ही दोघं संध्याकाळी गोव्याला जाणार होतात. तिला न सांगता ठरवलेलं तिला कुठूनतरी कळलं. तिला नुसतं बघायचं होतं, बायको का आई." त्या थांबल्या, पहिल्यांदा मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं. "तू दचकली नाहीस. तुला माहीत होतं?"

मला माहीत होतं. फोन आला तेव्हा मी त्याच्या शेजारी बॅग भरत होते. आणि अपघाताच्या जागी मी पोचले तेव्हा सासूबाई माझ्या आधी तिथं पोचल्या होत्या. उंब्रजपासून चालत. रस्त्याच्या कडेला त्याच्या डोक्याशी बसल्या होत्या, आणि छातीत कळ आलेली बाई इतकं चालत येत नाही. मला बघताच त्या म्हणाल्या होत्या, "सहजच येत होता गं माझ्याकडं. व्हय ना?" मी म्हटलं होतं, "हो आई. सहजच निघाला होता." पोलिसांना मी तेच सांगितलं, नातेवाइकांना तेच सांगितलं.

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

"आणि तुला माहीत आहे, हे तिला?"

"नाही."

"मग वर सगळ्यांच्या देखत वाकलीस कशाला?"

निरंजनाताई हसल्या. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, तेच मला सहन झालं नाही. ओळखीचं कुणी भेटावं तसं त्या हसल्या.

"मी जे धंदा म्हणून करते, ते तू फुकटात केलंस," त्या म्हणाल्या. "बरं, आता आलीच आहेस तर सांग. तुला काय ऐकायचंय?"

"काय?"

"त्याच्याकडून. काहीतरी असेलच. तू सांग, मी म्हणते. आवाज मी बरा काढते, मघाशी बघितलंस ना? तुझ्या तोंडावरून कळलं मला. बाकी सगळं खोटं असू दे. बरं वाटतं. डोळे मिटून घे."

"मला असलं काही नको आहे."

"खारूताई," त्या म्हणाल्या. त्याच आवाजात. खर्जातला, जरा हसरा.

मला सगळं ठाऊक होतं. फळ्यांची भिंत ठाऊक होती, तेलानं चोपडलेला तो चेहरा समोर होता, टाचांच्या भेगा दिसत होत्या. तरी माझे डोळे मिटले. मी वाट बघत राहिले, पुढं काय म्हणतो याची.

पुढं काही आलं नाही. मी डोळे उघडले तेव्हा निरंजनाताई साडीच्या निऱ्या झटकत उठल्या होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या. "तू पण. जा आता, म्हातारी वाट बघत असेल. दार लावून घे."

*

परतीची एसटी रिकामीच होती. सासूबाई खिडकीशी बसल्या. त्यांनी साताऱ्यात कंदी पेढे घेतले होते, मांडीवर पुडा उघडून मला देत होत्या.

"खा की. सकाळपासून पोटात काय न्हाई तुझ्या."

एरवी त्या रस्त्यानं जाताना त्या उंब्रज मागं पडलं की पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरायच्या, डोळे मिटायच्या, आणि तो टप्पा ओलांडेपर्यंत श्वास घ्यायच्या नाहीत. त्या दिवशी बस तिथून गेली तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्याकडेची बाभळ बघितली, नवीन झालेला ढाबा बघितला. "ह्यो कधी झाला?" असं विचारलं. मग माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"तू मनाला लावून घिऊ नको," त्या म्हणाल्या. "संसारात भांडणं व्हत्यात. रागाच्या भरात माणूस बोलतंय. तुला काय ठाऊक, असं व्हईल म्हणून? मी तुला माफ केलंय. मनापास्नं. सगळ्यांच्या देखत केलंय."

मी पेढा तोंडात ठेवला.

तो भाग पुढच्याच्या पुढच्या रविवारी टीव्हीवर लागला. सोमवारी मी वर्गात गेले तेव्हा पोरं नेहमीपेक्षा शांत होती. फळ्यावर लिहिताना मागून दबक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "जेवत्या ताटावरनं." स्टाफरूममध्ये भूगोलाचे एक सर होते, विधुर. गेले काही महिने ते माझ्यासाठीही चहा सांगायचे. त्यांनी त्या दिवशी आपल्यापुरताच चहा सांगितला आणि वर्तमानपत्र उघडलं. संध्याकाळी माझ्या आईचा फोन आला. ती म्हणाली, "मला तरी सांगायचंस गं, भांडण झालं होतं म्हणून. मी काय परकी होते?"

मी तिला सांगितलं की सगळं खोटं आहे. ती म्हणाली, "मग तू माफी का मागितलीस?"

सासूबाई मात्र सुधारल्या. दाराशी जाऊन उभं राहणं थांबलं. अंगावर मांस चढलं. माझ्यासाठी डबा करायला लागल्या, मी आजारी पडले तर रात्ररात्र उशाशी बसायला लागल्या. शेजारणींना सांगायच्या, "चुकलं तिचं, पर पोर गुणाची हाय. मी कवाच मनातून काढून टाकलंय." लग्नाकार्यात मला पुढं करून ओळख करून द्यायच्या, आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर ओळख पटली की माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. मी त्यांच्याशी कधी वाकडं बोलले, भाजीत मीठ जास्त झालं, यायला उशीर झाला, की त्या हळू आवाजात म्हणायच्या, "असू दे. त्यापरीस मोठ्ठं माफ केलंय मी." वर्षानुवर्षं त्यांनी मला इतकी माया दिली, जितकी धनंजय असताना कधीच दिली नव्हती.

मग एका दुपारी टीव्हीवर निरंजनाताई दिसल्या. त्यांचा कार्यक्रम बंद होऊन बराच काळ लोटला होता. त्यांच्याच जुन्या माणसानं चोरून केलेलं शूटिंग बातम्यांत दाखवत होते. आरशासमोर बसून त्या कुणाला तरी सांगत होत्या, "अगं मला काय दिसतंय डोंबल. लोक सांगतात, मी बोलते." हसण्याचा आवाज. तेच परत परत दाखवत होते.

सासूबाई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. पंचाहत्तरी उलटली होती त्यांची, पण नजर चांगली होती.

"खोटी होती व्हय ही?" त्या म्हणाल्या.

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तुझा तर कधीच इश्वास नव्हता."

"नव्हता."

"त्या दिवशीबी नव्हता?"

"नाही आई."

"भांडण...?"

"झालं नव्हतं."

त्या टीव्हीकडे बघत राहिल्या. निरंजनाताई पुन्हा हसल्या. "मग तू पाया का पडलीस?"

मी शेंगांचं सूप आपल्याकडे ओढलं. मला वाटतं, मी सोलायला सुरुवातही केली. मग म्हटलं, "तुमचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते आई. शेजारीच."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम लहान झालेला होता, आंघोळीनंतर पोराचा दिसतो तसा.

"म्हणजे इतकी वर्सं," त्या म्हणाल्या, "मी तुला माफ करत हुते, आणि तू ऐकून घेत हुतीस?"

"हो."

"हसत आसशील मनात."

"नाही."

"हसली आसतीस तर बरं झालं आसतं गं."

त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. मग तसंच पदराआडून विचारलं, "जाताना काय म्हणाला? माझ्याबद्दल. म्हणाला आसंल की काहीतरी."

तो म्हणाला होता, "आईचं नाटक आहे गं. पण नाही गेलो तर आयुष्यभर ऐकवेल." असं म्हणून त्यानं डोळे मिचकावले होते आणि किल्ली उचलली होती.

"म्हणाला, आईला बरं वाटत नाहीये," मी म्हटलं. "म्हणाला, आधी आई, मग गोवा."

सासूबाईंनी पदर खाली केला आणि माझ्याकडे नीट बघितलं. त्याला जन्म दिलेली बाई होती ती. तो काय म्हणाला असेल ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"खोटं," त्या म्हणाल्या.

मी टीव्ही बंद केला. त्या पलंगावर आडव्या झाल्या, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, आता त्या माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. मी सूप उचलून आत निघाले.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

मी दारात थांबले. "म्हणाला, आधी आई, मग गोवा."

"आसं न्हाई." त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "त्याच्यावाणी सांग. त्याच्या आवाजात."

मी घसा खाकरला.